सर्पगंधा: झोप, उन्माद आणि रक्तदाब

सर्पगंधा हे गुडघ्याच्या वर क्वचितच जाणारे झुडूप आहे. मराठीत त्याला हरकाई किंवा अडकई म्हणतात, हिंदी पट्ट्यात छोटा चांद आणि बंगालमध्ये चंद्रा. शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. कूळ अपोसायनेसी, म्हणजे सदाफुली, कण्हेर, चाफा आणि सातवीण यांचे. या कुळातल्या बऱ्याच झाडांत विष आणि औषध एकत्रच नांदतात, आणि सर्पगंधा त्याला अपवाद नाही. औषधात वापरतात ते तिचे मूळ. मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या म्हणून जटामांसी, ब्राह्मी, तगर, अश्वगंधा अशा अनेक वनस्पती भारतीय वैद्यकाला ठाऊक आहेत. पण आधुनिक औषधशास्त्रावर सर्पगंधेइतका परिणाम त्यांतल्या एकीनेही केलेला नाही. जपून वापरायची गरजही तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला नाही.

झुडूप ओळखायला फार अवघड नाही. खोडाच्या प्रत्येक पेरावर एकाच ठिकाणाहून तीन, कधी चार पाने फुटतात. वरून गडद हिरवी, खालून फिकट, टोकाशी निमुळती. फुले पांढरी असली तरी त्यांचे देठ आणि निदले भडक लाल असतात, त्यामुळे फुलोरा लांबून लालच दिसतो. फळे वाटाण्याहून लहान, पिकली की जांभळट काळी होतात. मूळ सरळ खाली जाते आणि वाळल्यावर वेडेवाकडे, साधारण बोटाएवढे जाड दिसते. साल मळकट पिवळसर तपकिरी, तिच्यावर उभ्या सुरकुत्या. मोडले तर टचकन तुटते, आतून पांढरट पिवळे निघते. वास जवळजवळ नसतो. चव मात्र इतकी कडू की एक तुकडा चघळला तरी जिभेवर बराच वेळ रेंगाळते. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईपासून आसामपर्यंत, पश्चिम घाटात, कोकणात आणि अंदमानात ती आढळते. देशाबाहेर श्रीलंका, म्यानमार, थायलंड आणि इंडोनेशियातही. दाट झाडीच्या कडेची ओलसर, पालापाचोळ्याची, अर्धवट सावलीतली जमीन तिला मानवते.

ज्याच्यावरून राउवोल्फिया हे नाव पडले, तो लेओनहार्ट राउवोल्फ सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य. वनस्पती गोळा करत तो पश्चिम आशियात फिरला, पण भारतात कधी आलाच नाही. शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ मध्ये त्याच्या सन्मानार्थ या प्रजातीला त्याचे नाव दिले. त्याच्यापेक्षा गार्सिया द ओर्ताचा या झाडाशी संबंध जवळचा. गोव्यात राहणाऱ्या या पोर्तुगीज वैद्याचे औषधी वनस्पतींवरचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. त्यात सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या ज्या मुळांचे वर्णन आहे, त्यांतले एक सर्पगंधेचे असावे असे अभ्यासक मानतात. मुंगूस नागाशी झुंजण्याआधी हे झाड खाते, ही समजूतही तेव्हापासून लिखित रूपात दिसते. मुंगसाला खरे संरक्षण मिळते ते त्याच्या चपळाईमुळे, आणि नागाच्या विषाला त्याचे शरीर मुळातच बरेचसे दाद देत नाही म्हणून.

सर्पदंशाचा विषय इथेच संपवलेला बरा. सर्पगंधेचे मूळ नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांपैकी कोणाच्याही विषावर उतारा नाही. घाबरलेला रोगी ते खाऊन थोडा शांत होत असेल, आणि बिनविषारी साप चावलेला माणूस बरा झाल्यावर श्रेय मुळीला जात असेल. विषारी दंशावर इलाज एकच, तो म्हणजे प्रतिविषाचे इंजेक्शन, आणि मुळी उगाळण्यात गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो.

कोकणात या मुळाचा उपयोग वेगळाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणाऱ्या विल्यम डिमॉक यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या भारतीय औषधी वनस्पतींच्या ग्रंथात नोंदवले आहे की दक्षिण कोकणातून मुंबईत मजुरीला येणारे लोक हरकाईची थोडी मुळे जवळ बाळगत आणि पोटात कळा आल्या की घेत. कुड्याच्या आणि मोगली एरंडाच्या मुळाबरोबर ती दुधातून देण्याचीही पद्धत होती. बाळंतपणात कळा वाढाव्यात म्हणूनही ती देत. उन्मादावरचे औषध म्हणून तिची ख्याती झाली ती मुख्यतः बिहार आणि बंगालमध्ये. तिथे या मुळाला सरळ ‘पागल की दवा’च म्हणत. चवताळलेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाला ती देत, आणि चिडचिड्या मुलांना झोपवण्यासाठी आयाही तिचा वापर करत. दुसरा वापर आजच्या माहितीनुसार धोक्याचा आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत सर्पगंधा, नाकुली, गंधनाकुली अशी नावे येतात, मुख्यतः विषचिकित्सेच्या संदर्भात. ‘आयुर्वेदात तीन हजार वर्षांपासून रक्तदाबावर वापरली जाते’ हे वाक्य मात्र बाटलीच्या लेबलापासून पुस्तकांपर्यंत सगळीकडे आढळत असले तरी ते जपूनच घ्यावे. जुन्या काळी रक्तदाब मोजलाच जात नव्हता, आणि नाकुली हे नाव एकाहून अधिक वनस्पतींना दिलेले दिसते. आजच्या आयुर्वेदिक वर्णनानुसार सर्पगंधा रसाने तिक्त, गुणाने रूक्ष, वीर्याने उष्ण आणि विपाकाने कटू आहे. ती कफ आणि वात शमवते, झोप आणते. अनिद्रा, उन्माद, अपस्मार आणि भ्रम या तक्रारींत तिची योजना होते. सर्पगंधा घनवटी या प्रचलित गोळीत तिच्या जोडीला जटामांसी, खुरासानी ओवा, पिंपळमूळ आणि भांग असते. म्हणजे झोप आणणारे घटक एकावर एक रचलेले असतात; गोळी साधी दिसली तरी औषध साधे नाही.

विसाव्या शतकात हे मूळ प्रयोगशाळेत गेले ते हकीम अजमल खान यांच्यामुळे. देशी औषधांची रसायनशास्त्राने तपासणी व्हावी असा त्यांचा आग्रह होता, आणि दिल्लीच्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजात त्यांनी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला या कामासाठी आणले. अजमल खान १९२७ मध्ये वारले. १९३१ मध्ये सलीमुज्जमान आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून पाच अल्कलॉइडे वेगळी केल्याचे जाहीर केले आणि त्यांतल्या एका गटाला अजमलीन, अजमलिसीन अशी नावे देऊन हकीमसाहेबांचे ऋण मान्य केले. अजमलीन आजही हृदयरोगतज्ज्ञांच्या उपयोगाचे आहे. हृदयाच्या ठोक्यांत अचानक जीवघेणा बिघाड करणारा ब्रुगाडा सिंड्रोम हा आनुवंशिक विकार साध्या आलेखात कधी कधी लपून राहतो. अजमलीन टोचून आलेख काढला की तो उघड होतो. झोपेच्या मुळीतून निघालेला हा पदार्थ मनाशी नव्हे, तर हृदयाच्या विद्युत्‌प्रवाहाशी संबंधित निघाला.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवरचे नवे भारतीय औषध म्हणून सर्पगंधेची ओळख वैद्यकीय नियतकालिकातून करून दिली. पाठोपाठ रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसीनमध्ये प्राण्यांवर प्रयोग केले आणि मुळाच्या अर्काने रक्तदाब उतरतो, प्राणी सुस्तावतो हे दाखवले. हिमालय कंपनीने १९३४ मध्ये सर्पिना या नावाने मुळाच्या गोळ्या बाजारात आणल्या. तरी देशाबाहेर याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

ती घ्यायला लावली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी. केईएम रुग्णालयात रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन केलेल्या निरीक्षणांचा त्यांचा लेख १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर उपायच मोजके होते: मीठ जवळजवळ बंद करणारा आहार, झोपेची औषधे, गंभीर रुग्णांत मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया. अशा वेळी तोंडाने घ्यायच्या गोळीने रक्तदाब उतरतो, तोही सावकाश आणि फार त्रास न होता, ही मोठीच बातमी होती. बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी आपल्याकडच्या रुग्णांना दिली. रक्तदाब मध्यमच उतरला, पण रुग्ण निवांत झाले, काळजी कमी झाली आणि तरी गुंगी फारशी नाही, हे त्यांच्या लक्षात आले. पूर्वीच्या बार्बिच्युरेट गोळ्यांनी माणूस शांत होई तो झोपेत ढकलला गेल्यामुळे. इथे तो जागा राहूनच शांत होत होता.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी मुळातले मुख्य द्रव्य शोधून काढले. तेच रिसर्पीन, सर्पासिल या नावाने ते बाजारात आले. १९५३ मध्ये अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोरुग्णांवर सर्पगंधा वापरल्याचा अनुभव गुजरातमधल्या एका वैद्यकीय परिषदेत मांडला. त्याची बातमी न्यूयॉर्कपर्यंत गेली आणि तिथल्या रॉकलँड सरकारी मनोरुग्णालयातल्या नेथन क्लाइन यांनी आपल्या रुग्णांना मुळी आणि रिसर्पीन देऊन पाहिले. १९५४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखळदंड, थंड पाण्याचे टब आणि कोंडून ठेवण्याच्या खोल्या यांच्या जोरावर चालणाऱ्या मनोरुग्णालयांत गोळी पोहोचली ती रिसर्पीन आणि फ्रान्समध्ये पुढे आलेले क्लोरप्रोमाझीन यांच्या रूपाने. १९५७ चे लास्कर पारितोषिक या दोन औषधांवर काम करणाऱ्यांना विभागून मिळाले. त्यांत क्लाइन होते आणि मुंबईचे वकीलही. पुढच्याच वर्षी वकील यांना पद्मभूषण मिळाले.

हे मूळ मन शांत कसे करते, याचे उत्तर शोधताना मेंदूविषयीच बरेच काही कळले. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात ते सेरोटोनिन, डोपामीन, नॉरअॅड्रेनलीन अशा रसायनांमार्फत. ही रसायने पेशीच्या टोकाशी अगदी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. या पिशव्यांत रसायन भरणारा प्रथिनाचा पंप रिसर्पीन बंद पाडते. मग रसायन पिशवीबाहेरच राहते, पेशीतली विकरे त्याचा निकाल लावतात आणि साठा आटत जातो. रक्तवाहिन्यांना आवळण्याचा निरोप देणारे नॉरअॅड्रेनलीन कमी पडल्याने रक्तदाब उतरतो आणि नाडी मंदावते. मेंदूतला साठा आटल्याने अस्वस्थता, बेभानपणा, भ्रम ओसरतात. रिसर्पीन पंपाला इतके घट्ट चिकटते की नव्या पिशव्या तयार होईपर्यंत काम पूर्ववत होत नाही. परिणाम दिसायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो तितकाच सावकाश जातो. आज गोळी घेतली आणि उद्या सकाळी गुण आला, असे या मुळीचे नाही. आज बंद केली आणि उद्या त्रास थांबला, असेही नाही.

अमेरिकेत बेथेस्डा इथल्या बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ मध्ये रिसर्पीनमुळे शरीरातले सेरोटोनिन घटते हे दाखवले गेले. मनाची अवस्था आणि मेंदूतले रसायन यांचा संबंध जोडायला इथून जोर आला. त्यानंतर स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पीन दिले. ससे कान पाडून, हलेनासे होऊन पडले. मग एल-डोपा हे डोपामीनचे पूर्वरूप टोचताच ते काही मिनिटांत उठून हिंडू लागले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने हालचालींसाठी डोपामीन किती आवश्यक आहे ते दिसले आणि कंपवातावरच्या आजच्या मुख्य औषधाचा मार्ग खुला झाला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगशाळेत रिसर्पीन कृत्रिमरीत्या बनवण्याचे अवघड काम रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये करून दाखवले, तरी औषध कंपन्यांना झाडापासून ते काढणेच परवडत राहिले.

ज्या क्रियेमुळे ही मुळी गुणकारी, त्याच क्रियेतून तिचे दुष्परिणाम येतात. एकाला वगळून दुसरे मिळवता येत नाही. सर्वांत नेहमीची तक्रार नाक चोंदण्याची. रक्तवाहिन्या सैल पडल्या की नाकातल्याही सैल पडतात. त्यामागोमाग जुलाब, जठरात आम्ल वाढणे, मंद नाडी, थकवा, भयानक स्वप्ने आणि लैंगिक इच्छा मंदावणे. मात्रा जास्त झाली तर हात थरथरणे, चालताना अडखळणे, चेहरा निर्विकार होणे ही कंपवातासारखी लक्षणे दिसतात. कार्लसन यांच्या सशांवर आली तीच अवस्था, फक्त सौम्य. सर्वांत गंभीर इशारा नैराश्याचा. १९५० च्या दशकात रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत खोल उदासी आणि आत्महत्येचे विचार आढळले. हा संबंध पुढे पुन्हा तपासला गेला आणि आधी वाटला तितका सरळ नाही असे दिसले. तरी नैराश्याचा इतिहास असलेल्या माणसाला ही मुळी देऊ नये हा नियम कायम आहे.

कोणी ती टाळावी, हे त्यावरून ओघानेच ठरते. जठराचा व्रण किंवा आतड्याचा व्रणयुक्त दाह असणारे, कंपवाताचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. रिसर्पीन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि नवजात बाळाला नाक चोंदून श्वास घेणे जड जाऊ शकते. गर्भाशयाचे आकुंचन वाढवण्याचा जो गुण सुईणींना हवा होता, तोच गरोदरपणात नको असतो. दारू, झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे आणि हृदयविकारातले डिगॉक्सिन यांच्याबरोबर ती घेणे जोखमीचे. मनोविकारावर विजेचे उपचार घ्यायचे असतील, तर ती बरेच दिवस आधी बंद करावी लागते.

मात्रेचा हिशेब इथे बघण्यासारखा आहे. रक्तदाबासाठी रिसर्पीनची रोजची मात्रा ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. चांगल्या प्रतीच्या वाळलेल्या मुळात रिसर्पीन आणि त्याच्या जवळची द्रव्ये मिळून सुमारे ०.१५ टक्के असतात, म्हणजे एक ग्रॅम चूर्णात दीड मिलिग्रॅम. वैद्यांचे जुने ‘चिमूटभर’ हे माप त्यामुळेच होते. चमचाभर चूर्ण मधात कालवून रोज घ्यायचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो, तो मुळाची ताकद न ओळखता दिलेला आहे. शिवाय मुळागणिक प्रमाण बदलते: जमीन, ऋतू आणि झाडाचे वय यांवर ते अवलंबून असते.

संपूर्ण मूळ आणि शुद्ध रिसर्पीन यांत फरक नाही असे मात्र नाही. मुळात पन्नासाहून अधिक अल्कलॉइडे आढळली आहेत. काही शांतवणारी, काही रक्तवाहिन्या सैल करणारी, काही हृदयावर काम करणारी. म्हणून वैद्य मुळीच पसंत करतात आणि तिचा परिणाम अधिक सौम्य असतो असे सांगतात. पण नैराश्य, मंद नाडी, चोंदलेले नाक या तक्रारी मुळीनेही होतात. सौम्यपणा मुख्यतः मात्रेवर अवलंबून आहे. किरकोळ ताण किंवा अधूनमधून न येणारी झोप एवढ्यासाठी जटामांसी, तगर किंवा ब्राह्मी वापरून पाहणे आणि सर्पगंधा जाणकार वैद्याच्या देखरेखीखालीच ठेवणे हेच शहाणपणाचे. रक्तदाब मोजल्याशिवाय ती कोणी सुरू करू नये आणि चालू असलेल्या गोळ्या परस्पर बंद करून तर नाहीच.

आधुनिक वैद्यकात रिसर्पीन आता मागे पडले आहे. भारतात दुसऱ्या औषधांबरोबर ते अॅडेल्फेन या गोळीत वर्षानुवर्षे दिले जात होते आणि जुन्या पिढीच्या औषधांच्या डब्यात ते नाव अनेकांनी पाहिले असेल. नंतर कमी त्रासाच्या गोळ्या आल्या. मनोविकारांत क्लोरप्रोमाझीन आणि त्याच्या पुढच्या औषधांनी त्याची जागा आधीच घेतली होती.

बाजारात मिळणारी मुळी खरी असतेच असे नाही. अमेरिकेतून आलेली राउवोल्फिया टेट्राफायला ही जवळची जात भारतात रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत माजते आणि तिची मुळे सर्पगंधेत मिसळली जातात. जिवंत झाडावरून फरक पटकन कळतो: तिच्या पेरावर बहुधा चार पाने असतात, त्यांतली दोन मोठी आणि दोन लहान. वाळलेले तुकडे झाल्यावर मात्र सूक्ष्मदर्शकाखाली किंवा रासायनिक तपासणीतच ते कळते. तिच्यातही रिसर्पीन असते, पण इतर द्रव्यांचे प्रमाण निराळे. पश्चिम घाटातल्या आणखी दोनतीन जातींचीही अशीच भेसळ होते. आफ्रिकेतली राउवोल्फिया व्होमिटोरिया ही जात रिसर्पीन काढण्यासाठी कंपन्यांनी उघडपणे वापरली, कारण भारतीय जंगलांतला साठा मागणीला पुरेना.

पुरणार तरी कसा? मूळ काढायचे म्हणजे झाडच उपटायचे. १९५० च्या दशकात जगभरातून मागणी आली आणि तराईपासून कोकणापर्यंत झुडपे उपटली गेली. १९९० मध्ये सर्पगंधेचा समावेश साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला, आणि तेव्हापासून परवान्याशिवाय तिची निर्यात करता येत नाही. लागवड हाच उपाय, पण बियांची उगवण फार कमी असते. ताज्या बियांची थोडी बरी, शिळ्या बियांची अगदीच नगण्य. म्हणून मुळांचे छोटे तुकडे लावूनही रोपे करतात. पाणी साचणार नाही अशी, कुजलेल्या पाल्याने भुसभुशीत झालेली जमीन लागते. आंतरपीक म्हणून फळबागेच्या अर्धवट सावलीत ती चांगली येते. लावल्यापासून साधारण दीड वर्षाने, हिवाळ्यात पाने गळून झाड विसावले की मुळे खणतात. खणताना साल खरवडली जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते, कारण मुळातली नव्वद टक्के अल्कलॉइडे सालीतच असतात. माती धुऊन मुळे सावलीत वाळवतात, पूर्ण कोरडी झाली की हवाबंद पोत्यांत भरतात. ओल राहिली तर बुरशी धरते आणि माल वाया जातो.